पहिलं वाकडं धुरपाईला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. सांगणाऱ्यानं मोजलेली नाहीत, आणि ऐकणाऱ्यानं मोजून त्याच्या हाती काही लागणार नाही. तेव्हा घाटाला गाडीरस्ता नव्हता. सगळं जग बैलाच्या पाठीवरून वर यायचं आणि बैलाच्या पाठीवरूनच खाली जायचं. खालून मीठ यायचं, सुकी मासळी यायची, नारळ आणि सुंभ यायचं. वरून ज्वारी जायची, गूळ जायचा, कापडाचे गठ्ठे जायचे. घाट चढून आलेल्या बैलाच्या तोंडाला फेस असायचा, आणि जिथं तो पहिल्यांदा पाय मुडपून खाली बसायचा त्या सपाटीवर एक गाव होतं. त्या गावाचं नाव बैलतळ.

बैलतळ सुखी होतं. खोटं कशाला बोलायचं, सुखानं माजलेलं होतं. तांडा आला की बैलांना पाणी दाखवायचं, गवताचे भारे टाकायचे, माणसांना गरम भाकरी वाढायची. बदल्यात तांडेवाले देतील ते घ्यायचं. कुणी मडकी द्यायचं, कुणी दोर, कुणी धान्य, कुणी घोंगडी. बैलतळच्या बाईचं मडकं फुटलं तर ती कुंभाराकडं जात नसे. गावात कुंभारच नव्हता. ती वाटेकडं बघत बसे. घुंगरांचा आवाज आला की म्हणे, "आलं बाई माझं मडकं!" आणि खरंच, मडकं यायचं.

अशा गावात एक रीत पडली होती, आणि तिच्यासारखी येडी रीत उभ्या डोंगरात दुसरी नव्हती. तांडा जे आणतो ते गावानं करायचं नाही. दोर तांडा आणतो, गावानं दोर वळायचा नाही. धान्य तांडा आणतो, गावानं पेरायचं नाही. जमीन पडलेली, पाणी वाहतंय, आणि गाव गवत कापून वाटेकडं बघत बसलंय.

ही रीत कशी पडली तेही ऐका. पाटलाचा आजा एकदा दारात बसून अंबाडीचा दोर वळत होता. तेवढ्यात तांड्याचा नाईक आला आणि हसून म्हणाला, "काय पाटील, दोर तुम्हीच वळायला लागलात तर आम्ही कशाला यायचं हितं?" थट्टा होती ती. भाकरी खाऊन तृप्त झालेल्या माणसाची थट्टा. पण आजा घाबरला. त्यानं तो दोर चुलीत घातला, भैरोबापुढं नारळ फोडला आणि गावाला आण घातली की तांड्याचा मान मोडेल असं काही बैलतळच्या हातून होणार नाही. थट्टा करणारा घाट उतरेपर्यंत विसरून गेला. गाव पिढ्यान्‌पिढ्या विसरलं नाही.

अशा ह्या गावात, एका हिवाळ्यात, तांड्याच्या मागून चालत धुरपदा आली.

ती तांड्यातली नव्हती. वाटेत कुठंतरी मागं लागली होती. तापानं फणफणली होती. बैलतळला आल्यावर वेशीजवळच्या जुन्या गोठ्यात पडली ती पडलीच. तांडा पुढं निघून गेला. कुणी म्हणालं, परकी आहे, राहू दे पडलेली. कुणी म्हणालं, मेली तर उचलणार कोण.

गावात तुळसा म्हणून एक बाई होती, तांड्यांना रांधून घालणारी. तिचा हात मोठा होता आणि तोंड हातापेक्षा मोठं होतं. ती पेजेचं भांडं घेऊन गोठ्यात शिरली आणि म्हणाली, "बये, मरायचंच असंल तर घाट उतरून खाली जाऊन मर. माझ्या गावात उपाशी कुणी मरत न्हाई. आमची आब्रू जाती. पी."

धुरपदा प्याली. रोज प्याली, आणि एक दिवस उठून बसली. त्या पेजेत मिठाचा खडा होता. पुढं आयुष्यभर ती सांगत राहिली, "तुळसाक्काच्या मिठाच्या खड्यावर माझं हाड उभं हाय." सांगणारे खूप असतात. तिनं ते मीठ फेडलं, म्हणून तर ही गोष्ट आहे.

तिचे हात मनगटापर्यंत लाल होते. मेंदी म्हणावी तर रंग उतरत नव्हता, राखेनं घासलं तरी फिका होत नव्हता. पोरं तिला बघून पळायची. एकदा ओढ्यावर भांडी घासताना तुळसानं विचारलंच, "काय गं, कुणाचा खूनबिन करून आलीस काय?"

धुरपदा म्हणाली, "आमचं गाव रंगाऱ्यांचं, अक्का. आल म्हणून झाड असतं, त्याच्या मुळ्या कुटायच्या, उकळायच्या, त्यात कापड बुडवायचं. आमच्यासारखा लाल रंग मुलखात कुणाचा न्हवता. दुसरं काय येत न्हवतं, आन् यावं असं वाटत बी न्हवतं. मग एक साल कापडाचे गठ्ठे आलेच न्हाईत. दुसऱ्या साली बी न्हाईत. आम्ही आपले रंग उकळून बसलोय वाट बघत. भूक लागल्यावर रंग पिता येत न्हाई. माणसं पांगली. दीर एका वाटंला, नवरा एका वाटंला. सासू पिंपळाखाली बसली ती तिथंच. कोण कुठं गेलं मला ठावं न्हाई. गाव मोडताना आवाज होत न्हाई गं. सकाळी उठून बघावं तर एका घराचा धूर कमी."

तुळसा हसली. "हितं तसलं काय व्हायचं न्हाई. बैलं चालायची थांबत्यात व्हय?"

"कापड थांबंल असं आम्हाला तरी कुठं वाटलं हुतं?"

त्या दिवसापासून धुरपदा रोज पहाट फुटली की गोठ्याबाहेर उभी राहायची आणि गावाकडं बघायची. कुठल्या कुठल्या घरातून धूर निघाला ते बघायची. सगळ्या घरांचा धूर दिसला की हात जोडायची आणि मग कामाला लागायची. लोक म्हणायचे, तापात हिचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं. तिनं मनाशी एक गाठ मारली होती. एक गाव तिच्या डोळ्यांदेखत मोडलं होतं. ज्या गावानं तिला पेज पाजली, ते मोडू द्यायचं नाही.

मग ती काय करायला लागली? तांडा उतरला की बैलांना पाणी पाजायची, माणसांचे पाय शेकायला निखारे न्यायची, आणि बदल्यात कुणी मूठभर धान्य पुढं केलं की मान हलवायची. म्हणायची, "मला ते नगं. एक दुपार बस आन् मला शिकव." दोरवाल्याला म्हणायची दोर शिकव. बुरुडाला म्हणायची टोपली शिकव. मडकी घेऊन आलेल्या कुंभारणीपुढं चिखलात फतकल मारून बसायची. धनगरणीकडनं लोकर कातायला शिकली, सुताराकडनं नांगराचं रुमणं तासायला शिकली, करंजाच्या बियांचं तेल काढायला शिकली. ती गावची नव्हती, त्यामुळं आण तिला लागू नव्हती. गावाला तेवढाच विरंगुळा.

आणि विरंगुळा खराच होता, कारण धुरपदाच्या हाताला रंगाखेरीज काही येत नव्हतं. तिचं पहिलं मडकं दारू प्यायल्यागत एका अंगावर कललेलं होतं. पहिला दोर बेडूक गिळलेल्या सापासारखा, मध्येच फुगलेला. टोपली बघून तर तुळसा पोट धरून खाली बसली. "धुरपे, ही टोपली हाय का पाटलाचं पागोटं?"

"पहिली हाय," धुरपदा म्हणाली. "पहिलं वाकडंच हुतं." तिनं ती टोपली गोठ्याच्या आढ्याला टांगली आणि दुसरी विणायला घेतली. दुसरी तिच्यापेक्षा बरी झाली. तिसरीत पाणी सोडून काहीही राहायचं.

मग एकदा तुळसाचाच दोर तुटला. विहिरीचा. पोहरा खाली, तुळसा वर, आणि तांड्याचा पत्ता नाही. घरी पाणी नाही. गरज ही मोठी अवदसा असते, ती भल्याभल्यांची लाज सोडवते. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं होतं तेव्हा, तुळसा डोक्यावरनं पदर घेऊन गोठ्यात आली.

"मला वळायचं कसं ते दाव. आन् कुणाला बोललीस तर जीभ हासडीन."

धुरपदानं अंबाडी पुढं टाकली. तुळसानं वळला. झाला गाठींचा नुसता. एवढी तोंडाची बाई, पण तो दोर हातात धरून रडायला लागली. चुलीत घालते म्हणाली, आपल्याला काही यायचं नाही म्हणाली. धुरपदानं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"पहिलं वाकडं माझं. ते हितं ठेव, कुणी बघायचं न्हाई. दुसरं वळ, ते तुझं."

दुसरा वळला. त्यानं पोहरा वर आला. पहिला धुरपदानं गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, गवताखाली ठेवला.

असं म्हणतात की त्या कोपऱ्यानंच पुढं गाव राखलं. कारण तुळसा गेली आणि दुसरं कुणी आलं. कुणाचं पोर थंडीनं कुडकुडत होतं, त्याला लोकर कातायची होती. कुणाला भाकरीसाठी टोपली हवी होती. कुणी नुसतंच, हात शिवशिवतात म्हणून आलं. सगळे दुपारचे आले, सगळे एकेकटे आले, आणि प्रत्येकानं आण घातली की कुणाला सांगायचं नाही. धुरपदानं कुणाचं कुणाला सांगितलं नाही. प्रत्येकाचं पहिलं वाकडं ठेवून घेतलं. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा पत्ता नाही, नवऱ्याला बायकोचा नाही. गाव एकमेकांपासून लपून शहाणं होत होतं, आणि चारचौघांत मात्र धुरपदाला हसत होतं.

अशी वर्षं गेली. धुरपदाच्या कानशिलावर पांढरं आलं. आणि मग एका दिवाळीनंतर वाट वाळली, गवत कापून झालं, पाण्याच्या डोणी भरून झाल्या, आणि तांडा आला नाही.

उशीर झाला असेल म्हणाले. पौष गेला. होळी गेली. बैलतळ रोज सकाळी डोणी भरत होतं आणि संध्याकाळी तेच पाणी उन्हानं तापून शिळं होत होतं. तुळसा मोठं पातेलं चुलीवर चढवायची, वाटेकडं बघायची आणि उतरवून ठेवायची. घाटातून वारा आला की सगळ्यांचे कान उभे राहायचे. घुंगरं वाजली नाहीत.

पाटील होता सटवाजी, दोर जाळणाऱ्या आज्याचा नातू. माणूस वाईट नव्हता, पण डोकं आज्याचंच. त्यानं भैरोबाच्या पारावर गाव जमवलं. "तांडा रुसलाय," तो म्हणाला. "कुणीतरी आण मोडली. कुणीतरी हातानं काहीतरी केलंय. आता ज्याच्या घरात केलेली वस्तू घावंल, त्याला गावात जागा न्हाई."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. जो तो मनात म्हणत होता, मीच तो. माझ्यामुळंच तांडा रुसला.

घराघरातल्या धान्याच्या कणग्या तळाला लागल्या. पावसाळा आला, रानभाजीवर आणि कंदांवर काढला. भाद्रपदात एका पहाटे धुरपदा गोठ्याबाहेर उभी राहिली आणि एका घराचा धूर निघाला नाही. ते घर रातोरात देशावर निघून गेलं होतं. धुरपदा तिथंच मातीत बसली. तिला पुन्हा तो पिंपळ दिसला आणि त्याखाली बसलेली सासू दिसली.

मग पाटलानं निर्णय सांगितला. "दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, ते कायमचं. सगळं गाव एकदम निघू. ज्याला जिकडं वाट घावंल तिकडं."

दसऱ्याची सकाळ झाली. बायकांनी बोचकी बांधली, चुली विझवल्या. म्हाताऱ्यांना आधार देऊन उभं केलं. वेशीकडं जायची वाट गोठ्यावरून होती, आणि गोठ्याच्या दारात धुरपदा आडवी बसली होती, पाय पसरून.

"सरक," पाटील म्हणाला. "तुला यायचं तर तू बी चल."

"जावा की," धुरपदा म्हणाली. "मी कोण अडवणार? मी परकी. पण ज्यानं ज्यानं माझ्यापाशी आपलं ओझं ठेवलंय, त्यानं ते उचलावं आन् मग जावं. तुमचं सांभाळत मी एकटी हितं बसायची न्हाई."

कुणी हललं नाही. जो गोठ्यात शिरेल तो आपल्या तोंडानं कबूल करणार की आण मी मोडली. पाटलानं सगळ्यांकडं बघितलं. बाया पदराशी चाळा करायला लागल्या. बाप्ये आभाळाकडं बघायला लागले.

शेवटी तुळसानं बोचकं धाडकन खाली टाकलं. "आता गावच न्हाई तर आब्रू कुणाची राखायची?" ती गोठ्यात शिरली, गवत उपसलं आणि आपला गाठींचा दोर घेऊन बाहेर आली. "ह्यो माझा. मी वळलाय. घाला गावाबाहेर, तसंबी चाललोयच."

तिच्या मागून एक म्हातारा गेला आणि कलतं मडकं घेऊन आला. त्याची बायको बघतच राहिली. आणि मग ती गेली आणि विटक्या लोकरीची पट्टी घेऊन आली, आणि आता म्हातारा बघत राहिला. मग झुंबडच उडाली. टोपल्या निघाल्या, सुपं निघाली, रुमणं निघाली, पायताणं निघाली, तेलाचे बुधले निघाले. सगळं वाकडंतिकडं, ठेंगणं, फुगलेलं. गोठा केवढा, दोन बैल मावतील एवढा. पण असं म्हणतात की त्यातून वस्तू निघतच राहिल्या, आणि बाहेर रचल्या तेव्हा ढीग भैरोबाच्या शिखराला लागला.

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग दुसरं. "अगं, तुला तेल काढाय येतं? आन् मी दिव्यावाचून अंधारात चाचपडतीया!" "भावजी, ह्ये रुमणं तुमचं? नांगर धराय येतो तुम्हाला?" शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या हातातलं बघितलं, नवऱ्यानं बायकोच्या. आणि मग हळूहळू हसणं थांबलं. कारण सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. गावाला जे जे लागतं ते सगळं त्या ढिगात होतं. ज्या तांड्याची वाट बघून ते उपाशी बसले होते, तो तांडा इथंच, गवताखाली उतरलेला होता.

गोठा रिकामा झाला. एकच वस्तू उरली. वीतभर लांबीचा, सैल पिळाचा, जुना काळा पडलेला दोर. कुणाचा, कुणी बोलेना. धुरपदाही बोलली नाही. ती जमिनीकडं बघत राहिली.

सटवाजी पाटील पुढं झाला. वाकला. तो दोर उचलला आणि पागोट्याशी लावला.

"माझा हाय," तो म्हणाला. "आज्यानं जाळला त्याची लई वर्षं हळहळ वाटायची. एकदा दुपारी आलो हुतो."

असं म्हणतात की त्या वेळी भैरोबाची घंटा कुणी न हलवता वाजली. वाजली असेल किंवा नसेल. पण पाटलाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळ्यांनी बघितलं.

तरी पाटील तो पाटील. डोळे पुसून म्हणाला, "धुरपदा, हात आलं आम्हाला, कबूल. पण दोर उकडून खाता येत न्हाई. पोटाचं काय?"

तेव्हा तुळसा खाकरली. "सीमोल्लंघन करायचंय न्हवं? मग चला की शिवेपल्याड. डोंगराच्या मागल्या अंगानं चला."

सगळं गाव तिच्या मागून गेलं. डोंगराच्या मागं, शिवेच्या पलीकडं, उतारावर सगळीकडं गवत डोलत होतं. तुळसा पावसाळाभर तिकडं गवताला जायची, आणि तिच्याबरोबर आणखी काही बायका. "गवत म्हणून सांगत हुते मी," तुळसा म्हणाली. "जवळ जाऊन बघा." पाटलानं एक कणीस हातात धरलं. ते मुठीसारखं मिटलेलं होतं, बोटांबोटांचं, भरलेलं. नाचणी होती. धुरपदानं एका तांडेवाल्याकडून दुपारभर बसून शिकून घेतली होती, बी मागून ठेवलं होतं, आणि ह्या सालचा तांडा चुकल्यावर तुळसाच्या पदरात टाकलं होतं.

"ही जागा गावात येत न्हाई," तुळसा म्हणाली. "तवा आण बी मोडली न्हाई. काय पाटील?"

असं सीमोल्लंघन झालं. गावानं शीव ओलांडली, आपट्याची पानं तोडली, नाचणीची कणसं खोचली आणि बोचकी घेऊन माघारी घरी आलं. धुरपदा पुढं पळत गोठ्याशी जाऊन उभी राहिली. एकेका चुलीतून धूर निघायला लागला. जे घर निघून गेलं होतं त्यालाही माणूस पाठवून पुढं परत आणलं.

सोपं झालं असं समजू नका. ते साल हाडं काढणारं गेलं. नाचणीची भाकरी निम्मीच वाट्याला यायची, निम्मी पाण्यानं भरायची. मडकी फुटायची, दोर तुटायचे, शिव्या हासडल्या जायच्या. पण जो तो आपल्याला येतं ते दुसऱ्याला दाखवत होता, आता लपूनछपून नाही, पारावर बसून. असं म्हणतात की पहिल्या वाकड्या टोपल्यांत भरून ठेवलेली नाचणी त्या साली सरली नाही. कितीही मुठी काढल्या तरी टोपली तेवढीच भरलेली. बायकांना विचाराल तर त्या सांगतील की मूठ लहान घ्यायला शिकलो आम्ही. दोन्ही खरं असेल.

फक्त मीठ करता येत नव्हतं. डोंगरावर मीठ कुठून यायचं? त्यासाठी घाट उतरून खाली जावंच लागायचं. पहिल्यांदा निघाले तेव्हा धुरपदानं त्यांच्या खांद्यावर दोरांची वेटोळी दिली. "सगळं आपल्याच घरात पिकत न्हाई, पिकू बी नये, न्हाईतर माणूस माणसाकडं जायचा न्हाई," ती म्हणाली. "पण मिठाला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नगा." खालचे लोक त्या दोराला बैलतळी दोर म्हणायला लागले. तो बुडत्या होडीलाही ओढून आणतो असं म्हणतात.

आणि मग पुष्कळ वर्षांनी एकदा घुंगरं वाजली. तीही किती, चार-दोन. एक म्हातारा नाईक, हरिया नाव, उरलेले बैल हाकत आला. त्याच्या तांड्यावर रोग पडून बैल मेले होते. बैलतळनं त्याला पाणी दिलं, भाकरी दिली, आपल्या हातची घोंगडी दिली. पाटलानं, आता तोही म्हातारा झाला होता, भीत भीत विचारलं, "नाईक, तुम्ही आमच्यावर रुसला कशापायी हुता?"

हरिया बघतच राहिला. "रुसायला आम्हाला सवड कुठं, बाबा? पलीकडं दुसरी वाट फुटली, चढ कमी लागला, तिकडनं गेलो. बैलाला चढ कमी लागतो तिकडं तांडा जातो."

एवढंच कारण होतं. एका थट्टेपायी हात बांधून बसले, आणि एका सोप्या चढापायी मरणार होते.

तुळसा तेवढी हसली. दात नव्हते तरी हसली. "नाईक, बैल गेलं तर गेलं. पाय हायेत, हात हायेत. बसा एक दुपार, टोपली शिका." आणि जन्मभर बैल हाकलेल्या त्या हरियानं टोपली विणली. अशी वाकडी की धुरपदाच्या पहिल्या टोपलीला मान खाली घालावी लागली असती. ती त्यानं आपल्या हातानं गोठ्याच्या आढ्याला टांगली. तो तिथंच राहिला. त्याचं घराणं अजून गावात आहे.

धुरपदा गेली ती हिवाळ्यातल्या एका पहाटे. रोजच्यासारखी गोठ्याबाहेर उभी होती, सगळे धूर दिसले, हात जोडले आणि तशीच खाली बसली. तुळसाचा शेवट आधीच झाला होता, म्हणून पेज तिच्या सुनेनं आणली. त्यात मिठाचा खडा होता. धुरपदानं ओठाला लावली आणि हसली. असं म्हणतात की त्या क्षणाला गावातलं प्रत्येक जातं कुणी हात न लावता अर्धा फेरा फिरलं. आणि तिला आंघोळ घालताना बायकांनी बघितलं तर तिचे हात पांढरे स्वच्छ होते. जन्मभर घासून न गेलेला रंग गेला होता. तो पाण्याबरोबर अंगणात वाहिला, अंगणातून ओढ्याला आणि ओढ्यातून शेतांत. बैलतळची माती तेव्हापासून लाल आहे. आसपासची काळी, तिथलीच लाल. जाऊन बघा.

आता घाटाला डांबरी रस्ता झाला, दुकानात सगळं मिळतं, फोनवर मागवलं तर दारात येतं. तरी बैलतळनं धुरपदाचा, आता ती धुरपाई झालीय, तिचा गोठा पक्का बांधलेला नाही. पुढाऱ्यांनी सिमेंटचं देऊळ देतो म्हटलं, गावानं नको म्हटलं. दरवर्षी तो गोठा गाव आपल्या हातानं गवतानं शाकारतं. पक्का बांधला तर शाकारायचं कोण शिकेल?

आणि दसऱ्याच्या सकाळी, सोनं लुटायच्या आधी, प्रत्येक जण त्या वर्षी नव्यानं शिकून केलेली पहिली वस्तू धुरपाईला नेतो. चांगली वस्तू तिला चालत नाही. शहाणपणा करून कुणी बाजारातली सुबक टोपली आणलीच तर बायका दारातनं हाकलून लावतात. नवी सून करपलेली नाचणीची भाकरी आणते. मास्तर उसवलेली शिवण आणतात. शहरात नोकरीला गेलेली पोरं वाकडा खिळा ठोकलेलं लाकूड घेऊन येतात आणि लाजत उभी राहतात. ज्याच्या हातात काहीच नाही, त्यानं वर्षभर नवं काही शिकलं नाही. तो मागच्या रांगेत उभा राहतो, मग तो सरपंच असो.

वस्तू ठेवताना एकच बोलायचं असतं. "पहिलं तुझं, दुसरं माझं." म्हातारी माणसंही बोलतात, बोबडी पोरंही बोलतात.

मग प्रसाद म्हणून ओंजळीत पेज मिळते, मिठाचा खडा घातलेली. वाटेनं जाणारा परका असला तर त्याला पहिली.

त्या दिवशी घरात गॅस असला तरी अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवतात. गाव शिवेवर जातं, आपट्याची पानं तोडतं, आणि माघारी निघायच्या आधी सगळे गावाकडं वळून उभे राहतात. घराघरावरून धूर वर चढत असतो. शेवटच्या घराचा दिसेपर्यंत सगळं गाव तसंच उभं असतं, आणि दिसला की हात जोडतं.